'वन': उशीवरचा ठोका

रविवार, रात्री उशिरा

मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचं 'वन' हे गाणं सुरू होतं तेव्हा पहिली काही मिनिटं हेवी मेटल ऐकतोय असं वाटतच नाही. जेम्स हेटफिल्डची एकेक तार सुटी वाजणारी गिटार, तिच्यावर कर्क हॅमेटची संथ सुरावट. साडेचार मिनिटांच्या आसपास ड्रमर लार्स उलरिकचे दोन्ही पाय सुटतात आणि ठोक्यांची मशीनगन सुरू होते.

व्हिडिओ जानेवारी १९८९ मधला. तीन अल्बम होऊन गेले तरी व्हिडिओ न केलेल्या बँडचा हा पहिलाच. लाँग बीचच्या एका गोदामात चौघं वाजवतात आणि मधेमधे डाल्टन ट्रंबोच्या 'जॉनी गॉट हिज गन' या १९७१ च्या चित्रपटातले तुकडे येतात. चित्रपटाचा नायक जो हा सैनिक; पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यानं त्याचे हातपाय, डोळे, कान, तोंड सगळं गेलेलं. बोलायला त्याच्याकडे फक्त मान उरली आहे. तो डोकं उशीवर आपटत राहतो. आजूबाजूच्यांना वाटतं, झटके येताहेत. ते ठोके म्हणजे मोर्स ही सांकेतिक लिपी असल्याचं ओळखतो एक लष्करी अधिकारी: तीन लहान, तीन लांब, तीन लहान, म्हणजे एसओएस, मदतीची हाक.

उशीवरचा तो ठोका आणि उलरिकचा पायानं वाजणारा बेस ड्रम मला एकाच जातीचे वाटतात. शब्द संपले की दोघांकडे ताल तेवढा उरतो. म्हणून मशीनगनचा हा भाग वाजवताना वेगापेक्षा नेमकेपणा हवा.

एका मात्रेत सहा ठोके, मग पुढच्या मात्रेवर उतरायचं. उजव्या पायानं सुरुवात केली की सहावा डावा पडतो आणि उतरताना पुन्हा उजवा मिळतो. बिघडतो बहुतेक वेळा डावा पाय: त्याचा ठोका हलका आणि उशिरा पडतो, मग सहा सारखे न वाजता तीन जोड्या लंगडत गेल्यासारखं ऐकू येतं. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० मात्रांवर लावावा, दहा मिनिटं नुसता डावा पाय, मग दोन्ही. दोन मिनिटं सलग न अडखळता गेलं तरच ४ नं वाढवावा. मूळ वेग १०८ च्या आसपास, म्हणजे सेकंदाला जवळपास अकरा ठोके.

गिटारवरही तेच सहा, खाली-वर, आणि उतरणारा सूर खालच्या फटक्यावर. तळहाताची कड ब्रिजला, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीला, टेकून ठेवावी. ती पुढे सरकली तर तार मुकी होते, जास्त दाबली तर सूर चढतो. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, मनगटातून चालवावं; कोपरातून चालवलं की हात भरून येतो.

बसवताना चित्रपटाचे तुकडे असलेला व्हिडिओ लावू नये, संवाद गाण्यावर चढतात. नुसत्या वादनाची वेगळी आवृत्ती आहे, ती घ्यावी. तिच्यात बास गिटार वाजवणाऱ्या जेसन न्यूस्टेडच्या हातांवर नजर ठेवावी. गाण्याच्या ध्वनिमिश्रणात त्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही, तो डोळ्यांनीच टिपावा लागतो.