एका रुळावर तोल: लेगोच्या जुन्या सुट्या रुळांची मोनोरेल

लेगोची मोनोरेल म्हटलं की जाणकारांना तीनच संच आठवतात: १९८७ चा फ्युचरॉन (संच क्रमांक ६९९०), १९९० चा विमानतळ शटल (६३९९) आणि १९९४ चा युनिट्रॉन (६९९१). तिन्हींच्या मार्गाला मधोमध दाते असतात आणि गाडीखालच्या मोटरचं चक्र त्या दात्यांत अडकून गाडी ओढतं. म्हणजे तो मार्ग आणि ती मोटर, दोन्ही हवीत. आज त्यांच्या किमती अशा आहेत, की हौशी माणसाने नुसतं चित्र बघून समाधान मानावं.

स्वस्तातला मार्ग लेगोच्या जुन्या आगगाडीच्या पेटीत आहे. १९६६ ते १९७९ चे निळे आणि १९८० ते १९९० चे राखाडी रूळ सुटे येत. डावा रूळ वेगळा, उजवा वेगळा, खालचे स्लीपर, म्हणजे रूळ बसतात त्या आडव्या पट्ट्या, वेगळे. १९९१ पासूनच्या ९ व्होल्टच्या मार्गात दोन्ही रूळ आणि स्लीपर मिळून एकच तुकडा झाला. आपल्या कामाला तो शून्य. सुट्या रुळांतला एक काढून टाकला की एकरुळी मार्ग तयार. १२ व्होल्टच्या जुन्या संचांतही बाजूचे रूळ साधे प्लॅस्टिकचेच आहेत, फक्त मधे वीज नेणारी धातूची पट्टी असते. ती काढून जपून ठेवा, १२ व्होल्टवाल्यांना ती कायम हवी असते.

वळणाच्या दोन रुळांची लांबी सारखी नसते, आणि फायदा नेमका तिथेच आहे. आतल्या रुळाचा लेगो भाग क्रमांक ३२२९, बाहेरच्याचा ३२३०. पूर्ण वर्तुळाला दोन्हींचे १६-१६ तुकडे लागतात. मार्गाच्या मध्यरेषेची त्रिज्या ४० स्टड, दोन रुळांत अंतर ५ स्टड (स्टड म्हणजे लेगो विटेवरचा गोल उंचवटा, मापात ८ मिमी). म्हणून आतल्या रुळाची त्रिज्या ३७.५ स्टड (३०० मिमी) आणि बाहेरच्याची ४२.५ स्टड (३४० मिमी). एका जुन्या वर्तुळातून दोन मोनोरेल निघतात: एक सुमारे १८८५ मिमी परिघाची, दुसरी २१३६ मिमीची. खरेदी करताना हे लक्षात ठेवा. फक्त आतले किंवा फक्त बाहेरचे रूळ उरलेली अर्धवट पेटी आगगाडीवाले घेत नाहीत, ती स्वस्तात सुटते.

आता गाडी. मुंबईत चेंबूर-वडाळा मार्गावर २०१४ मध्ये आलेली मोनोरेल तुळईला दोन्ही बाजूंनी कवेत घेते: वर भार पेलणारी चाकं, बाजूंना आडवी चाकं. या पद्धतीला खोल तुळई लागते. आगगाडीचा रूळ इतका बुटका आणि अरुंद, की आडव्या चाकांना टेकायला जागाच मिळत नाही. रुळाखाली विटांची भिंत रचून पाहिली तरी सांध्यांवर भिंत आणि रूळ एका रेषेत राहत नाहीत. हा नाद सोडलेला बरा.

नमुना घ्यायचा तो पतियाळा संस्थानचा. तिथे १९०७ ते १९२७ या काळात युइंग पद्धतीची मोनोरेल चालत असे. रस्त्याच्या कडेला एकच रूळ, त्यावर एका ओळीत दुहेरी फ्लँजची (दोन्ही बाजूंना रुळाखाली उतरणारी कड असलेली) चाकं, आणि बाजूला रस्त्यावर टेकलेलं एक मोठं तोलाचं चाक. जवळपास ९५ टक्के वजन रुळावर, उरलेलं तोलचाकावर. ओरेनस्टाइन अँड कोपेलने बनवलेलं तिचं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याला एका ओळीत तीन चाकं आहेत. आपल्यालाही तीनच लागणार आहेत.

लेगोत दुहेरी फ्लँजचं चाक नाही. दोन चाकं समोरासमोर जोडली तर मधली खाच रुळाच्या माथ्यापेक्षा फार रुंद होते आणि गाडी डोलते. त्याऐवजी नेहमीची एका फ्लँजची, क्रॉस अॅक्सलच्या (अधिक चिन्हासारख्या छेदाच्या दांड्याच्या) भोकाची आगगाडीची चाकं घ्या आणि फ्लँजची बाजू आलटूनपालटून लावा. दोन चाकांनी भागत नाही. पहिल्याची फ्लँज डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे असली, तरी सांगाडा एका दिशेने तिरका फिरू शकतो. मग पहिलं चाक डावीकडे, दुसरं उजवीकडे सरकतं आणि दोन्ही रुळावरून उतरतात. तिसरं चाक पहिल्यासारखं लावलं की ही पळवाट बंद होते.

कोणत्या चाकाची फ्लँज कुठे, हे नाणं उडवून ठरवायचं नाही. वळणावर पहिल्या आणि तिसऱ्या चाकाला जोडणारी रेषा सरळ असते, रूळ मात्र मधे बाहेर फुगतो. आतल्या रुळावर हा फुगवटा टोकाच्या चाकांत ६ स्टड अंतर असेल तर सुमारे १ मिमी, ८ स्टडला १.७ मिमी, १० स्टडला २.७ मिमी. म्हणून टोकाच्या दोन चाकांच्या फ्लँज वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला आणि मधल्याची आतल्या बाजूला ठेवा. मग वळणावर रूळ तिन्ही फ्लँजपासून दूर जातो, गाडी सैल पडते पण अडकत नाही. उलट लावलीत तर तिन्ही चाकं रुळाला चिमटा काढतात, मोटर घरघरते आणि मधलं चाक वर चढतं. पहिल्या वळणावर गाडी थांबते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं, आणि लोक बिचाऱ्या बॅटरीला दोष देतात.

सांगाड्याला ७ भोकांच्या दोन टेक्निक बीम (लेगोच्या भोकांच्या पट्ट्या) पुरतात. अॅक्सल पहिल्या, चौथ्या आणि सातव्या भोकात. चाकांच्या केंद्रांत २४ मिमी अंतर येतं, म्हणजे चाक फ्लँजसकट त्याहून लहान हवं. मोठी चाकं असतील तर ९ भोकांच्या बीम घेऊन पहिलं, पाचवं आणि नववं भोक वापरा. सांगाडा सरळ रुळावर ठेवून हाताने आडवा हलवा. अर्धा मिलिमीटर खेळ असावा. जास्त असेल तर अॅक्सलवर पातळ प्लॅस्टिकचा वॉशर घाला. अर्धा बुश (अॅक्सलवर चढवायची लेगोची छोटी कडी) ४ मिमीचा असतो, त्याने हे बारीक काम होत नाही.

तोलचाक वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला, रुळापासून ५ स्टडवर, आणि त्याचा अॅक्सल मधल्या चाकाच्या अगदी रेषेत. वळणाच्या केंद्राकडे बरोबर तोंड करून असतो तो फक्त मधला अॅक्सल. तोलचाक पुढे किंवा मागे सरकवलंत तर ते फरफटत जातं आणि गाडीचं नाक एका बाजूला ओढतं.

वजनाचा हिशोब स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होतो. तोलचाक काट्यावर, रुळाची चाकं पुस्तकांच्या चवडीवर, मार्गावर असतात त्याच उंचीला. पतियाळ्याचे ५ टक्के खेळण्याला कमी पडतात, कारण आपला मार्ग तितका समतल नसतो. १० ते १२ टक्के धरा. ४०० ग्रॅमच्या गाडीला काट्यावर ४० ते ४८ ग्रॅम दिसायला हवेत. तेवढ्यासाठी गुरुत्वमध्य रुळापासून सुमारे साडेचार मिलिमीटर बाहेर हवा. ट्रिपल ए आकाराच्या सहा सेलचं वजन साधारण ७० ग्रॅम धरलं, तर बॅटरी एक स्टड सरकवल्याने गुरुत्वमध्य १.४ मिमी सरकतो. म्हणजे बॅटरी तीन स्टड बाहेर. ती खालीच बसवा. गुरुत्वमध्य रुळाच्या माथ्यापासून ४० मिमी उंच असेल, तर टेबल आतल्या बाजूला सहा-सात अंशांनी कललं तरी गाडी कलंडते. छपरावर सजावट चढवायचा मोह इथेच आवरायचा.

मार्गाला १६ आतले वळणरूळ, सांध्यांखाली १६ स्लीपर आणि प्रत्येक रुळाच्या मधे एक टेकू. स्लीपर ८ स्टड लांब असतो आणि दुसरा रूळ नसल्याने त्याची बाहेरची बाजू रिकामी राहते. तोलचाकाचा रस्ता तिथेच येतो. सपाट टाइल वर्तुळात वळत नाहीत. १६ स्टडच्या सरळ पट्टीवर गाडीची वाट ६ मिमीने बाहेर पडते. त्यामुळे ३ मिमी जाडीच्या फोमबोर्डचं कडं कापा: आतली त्रिज्या ३२८ मिमी, बाहेरची ३५२ मिमी. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू द्या. बाहेरच्या रुळांचं दुसरं वर्तुळ करताना स्लीपर उलटा फिरवा, म्हणजे रूळ त्याच्या आतल्या टोकाला येईल, आणि कड्याची मध्यत्रिज्या ३८० मिमी धरा.

एका रुळाने स्लीपर घट्ट धरला जात नाही. दुसरा रूळ गेला की सांधा फिरतो आणि तिथे कोन पडतो. प्लायवर ३०० मिमी त्रिज्येचं वर्तुळ आखून स्लीपर दुहेरी टेपने चिकटवणं हा खात्रीचा उपाय. जुने रूळ घेताना काचेवर उलटे ठेवून बाक तपासा. धुताना पाणी ४० अंशांच्या वर नको, नाहीतर सरळ रूळही वळणाचे होतात.

१८ मिमी व्यासाचं चाक मिनिटाला २०० फेरे फिरलं तर आतल्या वर्तुळाची फेरी १० सेकंदांत होते. हा वेग छान. तीन सेकंदांत फेरी मारू दिली तर वळणाच्या जोराने तोलचाकावरचा भार दुप्पट होतो, कडं दबतं आणि गाडी पुढे जाण्याऐवजी घासत राहते. इंजिन घसरत असेल तर टोकाच्या चाकांवर रबरी रिंग चढवा. मधल्या चाकाला मोटर जोडू नका. सांध्यावर थोडा जरी खड्डा असला, तरी ते अधांतरी फिरतं.

मागे डबे जोडायचे असतील तर प्रत्येकाला स्वतःचं तोलचाक हवं आणि कपलिंग रुळाच्या माथ्याच्या उंचीला. वळणावर इंजिन डब्याला आतल्या बाजूला ओढतं. कपलिंग उंच असेल तर ही ओढ तोलचाक उचलते, आणि सगळ्यात आधी पहिला डबा कलंडतो, कारण मागच्या सगळ्या डब्यांची ओढ त्याच्यावर येते.