कूलर चालू होता, तरी उष्माघात

मे महिन्यातली दुपार. सोलापुरातल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून एका मुलानं आईला रिक्षातून दवाखान्यात आणलं. बाई असंबद्ध बडबडत होत्या, पोराला ओळखत नव्हत्या. "डॉक्टर, पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या दिल्या, ताप उतरंना," तो म्हणाला.

गुदद्वारातलं तापमान १०६ फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४१ सेल्सिअस. अंग घामानं ओलं होतं. उष्माघातात कातडी कोरडीच पडते असं नाही. प्रचंड तापलेलं अंग आणि त्यासोबत बरळणं, झटके किंवा बेशुद्धी, ही खरी खूण. पॅरासिटामॉल इथं लागू पडत नाही. साध्या तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूचा हुकूम बरोबर असतो, पण उष्णता बाहेर टाकायला शरीराला वाट उरत नाही.

१०८ला फोन करून आम्ही लगेच अंग गार करायला घेतलं. साडी सैल केली, सर्वांगावर साधं पाणी शिंपडत टेबलफॅन जोरात लावला. मान, काखा आणि जांघांत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवला. नुसती ओली चादर पांघरून ठेवायची नाही, तिच्याखाली उष्णता कोंडते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी तर मुळीच घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. तापमान १०२ फॅरनहाइटवर आल्यावर थांबलो, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त गार पडतं. बाईंनी मुलाला नावानं हाक मारली, मग सिव्हिलला पाठवलं. शुद्ध आली तरी पाठवायचंच; मूत्रपिंड आणि यकृताचं नुकसान नंतर उघड होतं.

"पण डॉक्टर, दुपारभर कूलरसमोरच होती की," मुलगा म्हणाला. त्याला खोलीबद्दल विचारलं. पत्र्याचं छत. सकाळी विड्या वळताना तंबाखू उडू नये म्हणून पंखा बंद. दुपारी गार हवा बाहेर जाईल म्हणून दार-खिडक्या लावलेल्या, कूलर खोलीच्या आतच. शिवाय आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेलेला. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं, त्यानं अंगातलं पाणी घटतं.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा, म्हणून इथं घाम झटकन वाळतो आणि कूलरही छान चालतो. दोन्ही बाष्पीभवनावरच चालतात. बंद खोलीत कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो. दमट हवेत घाम अंगावरून नुसता ओघळतो, वाळत नाही. वळिवानंतर बाहेरची हवाही दमट असते, तेव्हा कूलर तसाही कमी पडतो.

कूलर खिडकीत बसवा, पाठ बाहेर. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. हवा चिकट वाटली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. पत्र्यावर एप्रिलपूर्वीच चुन्याचा पांढरा हात द्या. बीपीची गोळी मनानं बंद करू नका, पण उन्हाळा लागायच्या आत डॉक्टरांना ती दाखवून घ्या.