आईबापांची फेरी

नोव्हेंबरातला शुक्रवार होता. मी पिवळं चमकणारं जाकीट चढवून बुटाची नाडी बांधत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. इथे आइसलँडच्या राजधानीत, रेकयाविकला, रात्रीचे नऊ, म्हणजे कोल्हापुरात पहाटेचे अडीच. अशा वेळी घरचा नंबर दिसला की काळजात धस्स होतं.

"ताई, झोपच लागंना. समोरच्या काकींच्या बारक्याला ॲडमिट केलंय. शाळंच्या मागच्या बोळात पडला हुता. दंडावर सुया टोचल्याच्या खुणा हाईत म्हणे."

बारका सतरा वर्षांचा. पेठेतल्या पोरांच्या टीमचा गोलकीपर. मे महिन्यात आम्ही शिवाजी पेठेत आलो होतो, तेव्हा ह्याच पोरानं गल्लीत दोन विटा मांडून माझ्या लेकाला पेनल्टी अडवायला शिकवलं होतं. 'चेंडूकडं बघू नको, मारणाऱ्याचा टेकलेला पाय बघ,' असं दहादा सांगत होता. त्याच्या दंडावर सुया?

मला बोलता येईना. खाली चार माणसं माझी वाट बघत उभी होती. "वहिनी, दोन तासांनी करते फोन," म्हणाले आणि जिना उतरले.

उतरून कुठं गेले, ते तुम्हाला सांगायचंय.

इथे ह्याला 'फोरेल्द्रारोल्त' म्हणतात. मराठीत म्हणायचं तर आईबापांची फेरी. शाळेतल्या पालकांनी आपापले शुक्रवार वाटून घेतलेले असतात. तीन-चार जणांनी मिळून वस्तीतून दीड-दोन तास चालायचं. शाळेचं मैदान, पोहण्याच्या तलावामागचं पार्किंग, पेट्रोल पंपावरचं दुकान, बसथांबा. कुणाला पकडायचं नाही, कुणाची पिशवी उघडायची नाही, भाषण तर अजिबात द्यायचं नाही. पोरं दिसली की थांबायचं, दोन शब्द बोलायचे, पुढं जायचं. काही गंभीर वाटलं तर ११२ ला फोन. एवढंच.

त्या रात्री तलावामागच्या बाकावर चौघं बसली होती. त्यातल्या एका मुलीच्या अंगात पातळ जॅकेट, आणि आम्हाला बघताच तिनं हातातली छोटी गोल डबी बाहीत सरकवली. निकोटिनच्या पुड्यांची डबी, ओठाखाली ठेवतात त्या. आमच्यातल्या एका बाईंनी डबी पाहिली, पण तिचा विषयच काढला नाही. थर्मासमधलं गरम चॉकलेट कपात ओतून तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "घ्यायला कोण येणार आहे?" मुलगी म्हणाली, कुणी नाही. बाईंनी तिच्याकडूनच नंबर घेऊन आईला फोन लावला. दहा मिनिटांत आई आली, घरातल्या सपाता पायात, तशीच बर्फावरून. ओरडली नाही. लेकीला गाडीत बसवलं, आमच्याकडं बघून मान हलवली आणि गेली.

मी ह्या फेरीत २०२४ पासूनच आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इथल्या 'कल्चर नाइट'च्या उत्सवात सोळा वर्षांच्या एका मुलानं चाकू चालवला आणि सतरा वर्षांच्या मुलीचा जीव गेला. चार लाखसुद्धा लोक नाहीत ह्या देशात, आपल्या कोल्हापूर शहरापेक्षा कमी. अशा ठिकाणी अशी एक घटना म्हणजे प्रत्येक घरातलं सुतक. आमच्या शाळेच्या पालकसभेला त्या महिन्यात खुर्च्या पुरल्या नाहीत. फेरीचा कागद फिरला, तेव्हा मीही नाव लिहिलं.

ह्या देशानं हा रस्ता आधी एकदा चालून बघितलेला आहे, म्हणून लोक घाबरून घरात बसले नाहीत. १९९८ मध्ये इथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिनाभरात दारूनं झिंगलेली होती. २३ टक्के रोज सिगारेट ओढायची. १७ टक्क्यांनी गांजा ओढून पाहिलेला होता. शुक्रवारी रात्री मुख्य रस्त्यावरून चालायला मोठ्या माणसांनाही भीती वाटायची, असं माझे सहकारी सांगतात. २०१६ पर्यंत हेच आकडे ५, ३ आणि ७ वर आले.

हे कसं झालं, तर त्यांनी आधी पोरांनाच विचारलं. शाळाशाळांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या, पुन्हापुन्हा, आणि प्रत्येक गावाला, प्रत्येक शाळेला आपापलं उत्तर काही आठवड्यांत हातात दिलं. कोणती मुलं व्यसनापासून दूर राहतात? आठवड्यातून तीन-चार वेळा शिस्तीच्या खेळाला जाणारी, आईबापांबरोबर वेळ घालवणारी, शाळेत आपली कुणाला तरी काळजी आहे असं वाटणारी, आणि रात्री उशिरा बाहेर नसणारी. हार्वे मिल्कमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तेव्हा इथे येऊन काम करत होते. त्यांचं म्हणणं असं, की पोरं नशेकडं जातात ती आतली अवस्था बदलायला. कुणाला थरार हवा असतो, कुणाला डोक्यातला गोंधळ शांत करायचा असतो. मग तीच गोष्ट नाचातून, कुस्तीतून, गाण्यातून, चेंडूतून द्या.

आणि दिली. क्लबची फी परवडावी म्हणून रेकयाविकची नगरपालिका प्रत्येक मुलामागं वर्षाला ठरलेली रक्कम भरते. सिगारेटचं वय १८ केलं, दारूचं २०, जाहिराती बंद. वेळेचा कायदा केला: सप्टेंबरपासून एप्रिलअखेर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळाच्या मुलांनी दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर थांबायचं नाही, उन्हाळ्यात दोन तास जास्त. ही वेळ छापलेली चुंबकाची पट्टी आमच्या फ्रिजवर आहे. माझा लेक कुरकुरतो, पण त्याच्या सगळ्या दोस्तांच्या फ्रिजवर तीच पट्टी आहे, त्यामुळं 'फक्त माझीच आई अशी' हे वाक्य त्याला म्हणता येत नाही. आईबाप एकत्र बसून सही करतात, दुसऱ्याच्या पोरावरही लक्ष ठेवीन म्हणून. मला ही सही सगळ्यात मोलाची वाटते.

आता कोल्हापूरकरांनो, मला सांगा, ह्यातलं आपल्याला नवीन काय आहे?

माझे आजोबा तालमीत झोपायचे. पहाटे चारला वस्ताद काठी आपटून उठवायचे. जोर, बैठका, हौद्यातली माती उकरणं, मग लढत. एखादं पोरगं दोन दिवस दिसलं नाही की वस्ताद त्याच्या दारात. कुणाचा पोरगा कुणाच्या नादाला लागलाय हे बापाच्या आधी वस्तादाला कळायचं. शाहू महाराजांनी खासबाग उभारलं, तालमींना आश्रय दिला, त्यातून मल्ल घडले हे आपण अभिमानानं सांगतो. पण मल्ल न झालेली शेकडो पोरंही तिथं नीट मोठी झाली, ते कुणी मोजलं नाही. पुढं त्याच तालमींनी फुटबॉल वाढवला. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा सामना असला की आजही गल्ली ओस पडते.

मे महिन्यात मात्र मी बघितलं ते असं. संध्याकाळी सातला तालमीला कुलूप. पायरीवर सात-आठ पोरं मोबाईलवर कोयत्याचे रील बघत बसलेली, मिसरूड न फुटलेली. तालीम उघडते गणपतीत, शिवजयंतीला आणि लीगच्या दिवसांत. मधल्या संध्याकाळी कुणाच्याच नाहीत. आणि ज्या वेळेला वाली नसतो, त्या वेळेला गोळ्या-इंजेक्शनं विकणारा बरोबर येऊन उभा राहतो.

बारक्याचंही असंच झालं. जिमला लागला, तिथं कुणीतरी सांगितलं स्टॅमिना वाढतो. मेफेंटरमाइन ते, ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब फार उतरला तर डॉक्टर देतात ते औषध. चिठ्ठीशिवाय मिळायला नको, पण एका मेडिकलमधून मिळत होतं. हृदय धाडधाड उडतं, पोरांना वाटतं ताकद आली. काकींनी दंड कधी बघितलाच नाही, कारण पोरगं फुल बाह्यांचा टीशर्ट घालायचं. काकींना आता लोक नको ते बोलतात. त्यांचा काय दोष? सगळ्या गल्लीचे डोळे कुठं होते? माझेसुद्धा. पंधरा दिवस समोर राहिले, मे महिन्याच्या उकाड्यात फुल बाह्या बघितल्या आणि फॅशन समजले.

त्या रात्री फेरीहून आल्यावर मी वहिनीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. दादा मागून म्हणाला, "हितं असलं चालायचं न्हाई. लोक म्हणत्याल, तू कोण इचारणारी?" वहिनी त्याच्यावर उखडली. म्हणाली, "गल्लीतली बारकी पोरं माझ्या हातचं खाऊन मोठी झाल्यात, मी न्हाई तर कोण इचारणार?"

आणि खरंच, ज्या महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून आडवी बाटली निवडून आणली, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं जमवून दारूची दुकानं बंद पाडली, तिथं गल्लीत चक्कर मारायला कुणाची परवानगी हवी?

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी त्या चौघी निघाल्या. वहिनी, काकी, कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या मावशी आणि शाळेतल्या निवृत्त बाई. बोळात पाच पोरं होती, ह्यांना बघून पळाली. दुसऱ्या शनिवारी तीन होती, पळाली नाहीत. मावशींनी भडंग नेला होता, सगळ्यांनी खाल्ला. पानटपरीवाल्याला बाईंनी शांतपणे सांगितलं, की अठराच्या आतल्या पोराला तंबाखू किंवा नशेचं काही दिलं तर बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तो त्यांचाच विद्यार्थी निघाला. मान खाली घालून ऐकून घेतलं म्हणे. व्यसनमुक्तीच्या १४४४६ आणि अमली पदार्थांची खबर द्यायच्या १९३३ ह्या नंबरांचा कागद वहिनीनं तालमीच्या फळ्यावर लावलाय.

तालमीच्या किल्लीवरून मात्र वाद चाललाय. वीजबिल कोण भरणार, रात्री जबाबदार कोण, सामान गेलं तर काय. प्रश्न खोटे नाहीत. इथंसुद्धा प्रशिक्षकांना पगार आहे, हॉलला पैसा आहे; नुसत्या प्रेमावर हे चालत नाही. आमच्यासारखी परदेशात गेलेली पेठेची पोरं-पोरी वीजबिलापुरते तरी पैसे घालू शकतात, मी माझ्या वाट्याचे पाठवलेत. पण संध्याकाळी दोन तास तिथं बसणारं माणूस पैशानं पाठवता येत नाही.

परवा शनिवारी वहिनीनं फोटो पाठवला. बोळातल्या खांबावर दिवा लागलाय, नवीन, पांढरा. खाली अकरा बायका आणि दोन बाप्ये, त्यात कडेला दादा, स्वेटर घालून. मी झूम करून बघितलं तर मागं भिंतीला टेकून बारका उभा होता, हातात भडंगाची पिशवी. अर्ध्या बाह्यांचा शर्ट.