झालं म्हणे, पण झालं नसतं

आमच्या बाबांच्या पेन ड्राइव्हला लाल दोरा बांधलाय, आणि तो कॉम्प्युटरमधून काढणं म्हणजे घरात एक विधीच असतो. आधी सगळ्या खिडक्या बंद, मग ड्राइव्हच्या नावाशेजारचं इजेक्टचं बटण, मग मेसेज, आणि ‘आता काढू शकता’ म्हटलं तरी बाबा हात लावत नाहीत, लाइट विझेपर्यंत बघत बसतात.

मी सर्रकन ओढणारा. “अबे, काहून ओढून राहिला, थांब ना जरा!” हे दहावीपासून ऐकतोय आणि दहावीपासूनच सोडून देतोय.

मग मावसबहिणीचं लग्न झालं. सीताबर्डीला जाऊन फोटोंच्या प्रिंट काढायच्या होत्या, कॉपीची पट्टी पूर्ण भरली, मी ड्राइव्ह ओढला आणि गाडीला किक मारली. दुकानात उघडून बघतो तर बाकी ठीक, शेवटच्या फोटोत मावशी नाकापर्यंत मस्त रंगीत अन् खाली सगळं करडं, सिमेंट थापल्यासारखं. नथ आली, हसू गेलं. मावशी अजून टोमणे मारते.

आमच्या पीसीवर विंडोजच्या जागी उबंटू नावाची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तो ‘झालं’ म्हणतो म्हणजे झालंच असं नाही हे मला तेव्हा कळलं. पेन ड्राइव्हवर लिहिणं स्लो काम, म्हणून डेटा आधी रॅममध्ये, म्हणजे पीसीच्या तात्पुरत्या मेमरीत घेऊन ठेवायचा, आपल्याला सांगून मोकळं व्हायचं आणि मागून निवांत उतरवायचा. माझा एक मित्र आहे ना, फोन केला की “अरे वर्धा रोडवर आहे, पोहोचलोच” आणि मागे बादलीत नळ धो धो चालू, तसंच डिट्टो. इजेक्ट दाबणं म्हणजे त्याला दम देऊन अंघोळ उरकायला लावणं.

बरं, बनवणाऱ्यांना माझ्यासारखी माणसं माहीत असावीत. त्या चपट्या यूएसबी प्लगमधल्या चार पट्ट्यांत कडेच्या दोन करंटच्या, त्या मधल्या डेटावाल्यांपेक्षा जरा लांब असतात, म्हणजे ओढलं की आधी बोलणं तुटतं, करंट नंतर. पण अर्धवट लिहिलेल्या मावशीला त्याचा काय उपयोग!

तरी मी बाबांना तोऱ्यात सांगितलं की विंडोज 10 मध्ये 1809 व्हर्जनपासून क्विक रिमूव्हल डिफॉल्ट आहे, लिहिणं चालू नसेल तर इजेक्ट न करता काढलं तरी चालते. बाबा म्हणाले, “आपल्याकडे विंडोज आहे का?”

परवा दुपारी, 45 डिग्रीत, लाइट गेली. कूलर बंद, यूपीएस कोकलून राहिला, बाबा बनियनवर घामाघूम, पण विधी चालूच. इजेक्ट दाबलं तर मेसेज, ड्राइव्ह वापरात आहे.

“काहून बे, कोण वापरून राहिलं?”

मी गुपचूप खाली पॉज करून ठेवलेला लग्नाचा व्हिडिओ बंद केला.