चार सीडी, एक अल्बम

ओक्लाहोमाच्या ‘द फ्लेमिंग लिप्स’ या रॉक बँडने १९९७ मध्ये काढलेला ‘झायरीका’ हा अल्बम आज मालवणच्या घरी अखेर जसा ऐकायला हवा तसा ऐकला. यातली आठही गाणी चार सीडींवर विभागलेली असून प्रत्येक सीडीवर गाण्याचा केवळ काही भाग आहे. त्यामुळे चारही सीडी चार वेगळ्या प्लेअरवर एकाच क्षणी सुरू केल्या, तरच गाणे पूर्ण होते. आजच्या काळात चालू स्थितीतले चार प्लेअर जमवणे हेच मोठे काम होते (एक तर शेजारच्या भजनी मंडळाकडून मागून आणला).

ओटी, माजघर, पडवी आणि खळे अशा चार ठिकाणी चौघे उभे राहिलो आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून बटणे दाबली. काकांचे बोट किंचित उशिरा पडले आणि दशावतारातला पेटीवाला एका गावात, तर पखवाजवाला दुसऱ्या गावात बसावा, तसे झाले. दुसऱ्या खेपेला मात्र जमले. कोणतेही दोन प्लेअर अगदी सारख्या वेगाने चालत नसल्याने सूर हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात आणि प्रत्येक श्रवण वेगळे ठरते. मला तरी हा दोष न वाटता त्यातली खरी गंमत वाटली.

आजीने मात्र एवढेच विचारले, की चारही भाग एकाच सीडीवर घालायला त्यांना कोणी अडवले होते?