गोदाकाठची नोंद : घर ते पुणतांबा, चार मुक्काम, १३८ किलोमीटर

जुनी व्हॅन राहण्या-झोपण्याजोगी करतोय. मागच्या नोंदीत पलंग आणि पाण्याच्या टाकीपर्यंत आलो होतो. त्यानंतर गाडीत विजेचं काम झालं आणि ते तपासायला जानेवारीअखेर ही फेरी काढली. सोबत आई, वय ७१. घरात सगळ्यांना "गंगेच्या काठाकाठाने जाऊन येतो" एवढंच सांगितलं. नाशिककराला गंगा म्हणजे गोदावरी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

गाडी तीच, जुनी पाच सीटांची व्हॅन. "असे बदल आरटीओला चालतात का?" हा प्रश्न परत येणारच, म्हणून आधीच सांगतो: बॉडी कापलेली नाही, सीटची संख्या बदललेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये, नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असे बदल बसत नाहीत, त्यामुळे माझं सगळं सामान उचलून बाहेर काढता येईल असंच आहे. पलंग म्हणजे १२ मिमी प्लायच्या तीन फळ्या. सोलर पॅनलही छतावर नाही. घडीचं १२० वॅटचं आहे, गाडी थांबली की बाहेर काढून दक्षिणेकडे तोंड करून टेकवायचं.

या शेवटच्या गोष्टीनेच फेरीचं वेळापत्रक ठरवलं. बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर. लहान फ्रिज थंडीत दिवसाला ३०० च्या आसपास खातो. दिवे, पंखा, मोबाइल मिळून आणखी शंभरेक. पॅनल चालत्या गाडीत घडी होऊन पडलेलं असतं, त्यामुळे अकराच्या आत मुक्कामाला पोहोचलो तरच दिवसाचा खर्च भरून निघतो. गाडी चालवायची सकाळचे दोन तास, बाकी दिवस एका जागी. चालत्या इंजिनवरून बॅटरी भरणारा चार्जर लावायचं मनात होतं. आता लावणार नाही. तो लावला की मी परत दोनशे किलोमीटर मारायला लागेन, हे मला माहीत आहे.

पहिला मुक्काम सायखेड्याच्या अलीकडे, चांदोरीच्या शिवारात. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घडांवर कागद चढवलेले. पात्रालगत एक सपाट, सावली नसलेली, पॅनलसाठी अगदी हवी तशी जागा दिसली. गाडी लावून चहा टाकला, तेवढ्यात सायकलवरून एक आजोबा आले. आधी आईला "कुठल्या गावच्या तुम्ही?" मग मला, "दादा, इथं नका थांबू. आवर्तन सुटलंय."

हे मला सुचलंच नव्हतं. नदीकाठी पाण्याची भीती पावसाळ्यात, असं आपलं डोक्यात असतं. पण रब्बीत गंगापूर, दारणा धरणांतून पाळीने सोडलेलं पाणी, म्हणजे आवर्तन, नदीतूनच नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून कालव्यांना लागतं. आभाळात ढग नसताना रात्रीतून पातळी चढू शकते. आजोबांनी आम्हाला त्यांच्या अंगणात नेलं आणि भिंतीवर हात ठेवला. त्यांचा हात डोक्याच्या वर गेला होता. "२०१९ चा ऑगस्ट. इथवर." सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकतात, पाणी मागे फुगतं आणि गावात शिरतं, हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. चांदोरीच्या पात्रातली जुनी देवळं पाहायची होती, पण ती पाणी उतरल्यावर उघडी पडतात. आत्ता नुसतं पाणी. उन्हाळ्यात परत.

रात्री दुसरी ताकीद मिळाली: उसात बिबट्या आहे, अंधारात गाडीबाहेर पडायचं नाही. गोदाकाठी ही नेहमीची गोष्ट. आजींनी आईला घरातलंच न्हाणीघर आणि संडास दाखवला, आणि मी दोन महिने डोकं लावून बनवलेलं घडीचं टॉयलेट पहिल्याच रात्री बिनकामाचं ठरलं. सकाळी पॅनलवरून एक शेळी चालत गेली. काच नसलेलं पॅनल घेतलं याचं तेव्हा बरं वाटलं.

पुढचे दोन मुक्काम नांदूर मध्यमेश्वरजवळ. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. त्याच्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं आणि पक्षी आले. ही जागा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेल्याचं २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं, राज्यातली पहिली. अभयारण्याच्या आत रात्री थांबता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. आम्ही चापडगावात विचारून एका खळ्यावर गाडी लावली आणि पहाटे पक्षी पाहायच्या मनोऱ्याकडे चालत गेलो.

धुक्यात आधी क्रौंचांचा आवाज आला, पक्षी दिसले पंधरा मिनिटांनी. मग चित्रबलाक, थापट्या, जांभळ्या पाणकोंबड्या. आईला सगळ्यांत आवडला तो वारकरी: काळाकुट्ट पक्षी, चोच आणि कपाळ पांढरं. नाव ऐकल्यावर म्हणाली, "मग बरोबरच आहे. गोपीचंदन लावलंय की त्याने." दुर्बीण त्यानंतर मला मिळाली नाही.

आता थंडीचं. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जातो, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. गाडीत झोपल्यावर त्या खऱ्या वाटतात. पहिल्या रात्री मी सगळ्या काचा गच्च बंद केल्या. पहाटे चारला कपाळावर थेंब पडला. छताच्या आतल्या पत्र्याच्या पट्ट्या ओल्या, काचांवरून ओघळ, गोधडीची कडा भिजलेली. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास, दुसरं काही नाही. दुसऱ्या रात्री समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली करून जाळी लावली. गार वाटलं, पण कोरडं राहिलं. पट्ट्यांवर फोम चिकटवायचा आहे. आईची सूचना होती की शेगडी आत घेऊ. तिला मी नाही म्हटलं, आणि इथेही लिहितो: बंद गाडीत गॅस किंवा कोळसा पेटवून ऊब घ्यायची नाही. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

इथेच फ्रिज बंद पडला. बॅटरीवर १३ व्होल्ट दिसत होते आणि फ्रिज म्हणत होता वीज कमी आहे. मल्टिमीटर सॉकेटला लावला. कॉम्प्रेसर सुरू होताना ११ च्याही खाली. चूक शंभर टक्के माझी. घरात दिव्याला उरलेली १ चौरस मिमीची वायर मी पाच मीटर ओढली होती, जाऊन-येऊन दहा मीटर. २३० व्होल्टच्या सवयीने आपण वायरीतली एक-दोन व्होल्टची गळती मोजत नाही. १२ व्होल्टला तीच सगळं बंद पाडते. निफाडला जाऊन ६ चौरस मिमीची जाड वायर आणि तिच्या टोकांना दाबून बसवायचे लग आणले, खळ्यावर बसून बदलली. गळती पाव व्होल्टवर आली. दुधाचं दही झालं होतं, त्याची कढी केली.

चौथ्या दिवशी कोपरगावकडे. रस्त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. गळीत हंगामात या पट्ट्यात अंधारात गाडी चालवू नका, एवढं ऐकाच. पाटाच्या कडेला फोटोसाठी थांबलो आणि मागची दोन्ही चाकं काळ्या मातीत गेली. वरून वाळलेली, खाली पाझराने लोणी. ऊस उतरवून परतणाऱ्या ट्रॅक्टरने दोन मिनिटांत ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत. आईने दिलेले तिळाचे लाडू घेतले. दोरी मात्र त्यांची. माझ्याकडे नव्हती, आता आहे.

कोपरगावात राघोबादादांचा वाडा आणि बेटातलं शुक्राचार्यांचं मंदिर पाहिलं. रघुनाथराव इथेच १७८३ मध्ये वारले. गावात पार्किंगला जागा नाही, ऊन चढत होतं, निघालो.

पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे आणि नदीला जाणारा घाट. २०१७ चा शेतकरी संप सुरू झाला ते हेच गाव. मंदिराजवळ विचारून वरच्या अंगाला गाडी लावली, साडेदहाला पॅनल उघडलं, संध्याकाळी बॅटरी ९४ टक्के. या फेरीतला सर्वांत चांगला आकडा. आई घाटावर बायकांत बसली ती दिवेलागणीला उठली. मी तेवढ्यात एका मुलाकडून केस कापून घेतले.

पुढचा टप्पा नेवासा, प्रवरासंगम, मग पैठण. नाथषष्ठीची गर्दी ओसरल्यावर. त्याआधी एक काम आईने लावून दिलंय. गाडीत चढायला पहिली पायरी तिला उंच पडते. चार दिवस ती घरून आणलेल्या पाटावर पाय ठेवून चढली. साडेचार इंचाचा सागवानी पाट, अगदी बरोबर उंची. मी तोच गाडीत कायमचा ठेवू म्हटलं, तर म्हणाली, "तो माझ्या आईचा आहे. मोज, आणि तसला दुसरा कर."