हिरड्याची शाई, चौथा घाणा: अक्षर पाण्यात टिकलं!

काल रात्री चौथ्या घाण्याच्या शाईनं लिहिलेली कागदाची पट्टी दहा मिनिटं नळाखाली धरली आणि एक वेलांटीसुद्धा हलली नाही. म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

जुलैतल्या पत्राचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाकीट पावसात भिजलं. पत्ता बॉलपेननं लिहिलेला होता म्हणून ते पुण्यात पोचलं, पण आतल्या पानांवर निळं तळं साचलेलं. थोरल्या नातीनं कळवलं, ‘आजोबा, मी पत्र पंख्याखाली वाळवलं, पण “चि.” आणि “आशीर्वाद” एवढंच वाचता आलं. मधलं परत लिहा ना.’ त्या मधल्या भागात इथल्या, इंदूरच्या राजवाड्यावरच्या रंगपंचमीच्या गेरची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची हकीकत होती, माझ्या वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली. तशीच ती पुन्हा उतरेना, याची हळहळ अजून आहे.

बॉलपेननंच लिहा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलं. पण बॉलपेननं माझा हात पळतो. टाक दर पाच-सहा शब्दांनी दौतीत बुडवावा लागतो आणि तेवढ्या थांबण्यात पुढचं सुचतं. काजळाची शाईही करून पाहिली. दिसते देखणी, पण काजळ कागदावर डिंकाच्या जोरावर बसलेलं असतं. डिंक भिजला की अक्षर सुटतं. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई कागदाच्या तंतूंत मुरते आणि हवा लागून तिथेच काळी होते, मग पाण्यात विरघळत नाही. आपल्याला हवी ती हीच.

पण तिनं दोन महिने छळलं. पहिला घाणा मी लोखंडी कढईत उकळला. हिराकस घालायच्या आधीच काढा काळाकुट्ट, तळाशी गाळ. कढईचंच लोखंड उतरलं होतं. दुसरा स्टीलच्या पातेल्यात केला, पण हिरडा आणि हिराकस समसमान घेतले. खिडकीत उन्हाला ठेवलेली पट्टी पंधरवड्यात तपकिरी पडली. जास्तीचा हिराकस पुढे कागदही खातो, म्हणून तो घाणा ओतून दिला. तिसऱ्याचं प्रमाण बरं होतं, पण आठवड्यात बाटलीत पांढरी बुरशी धरली. त्या दिवशी खरंच सगळं सोडून द्यावंसं वाटलं.

चौथ्याचं प्रमाण असं: सुरवारी (पूर्ण पिकलेल्या) हिरड्याची बी काढलेली साल ५० ग्रॅम, जाडसर कुटून पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजत. सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवून दुहेरी फडक्यातून गाळलं. गार झाल्यावर हिराकस १२ ग्रॅम, भिजवलेला बाभळीचा डिंक ८ ग्रॅम आणि बुरशी धरू नये म्हणून चार लवंगा. सगळं इथल्या सियागंज बाजारातून आणलं. हिरडा अख्खाच घ्या, तयार पूड नको. पुडीत काय काय दळलेलं असतं ते कळत नाही.

टाकातून उतरताना ओळ फिकट राखाडी दिसते. पहिला शब्द ‘प्रिय’ लिहिला आणि ओळीच्या शेवटी पोचून मागे पाहिलं, तर ‘प्रिय’ काळा आणि शेवटचा शब्द अजून राखाडी. हिला घरातून हाक मारून दाखवलं. आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत ती ओळ पाहत बसलो होतो.

शाई आम्लधर्मी आहे, पोलादी निब खाते. लिहून झालं की लगेच धुऊन पुसा. फाउंटन पेनमध्ये अजिबात भरू नका. कागद १०० जीएसएमचा बाँडच हवा, वहीच्या पानावर फुटते. ए-४ पान सव्वासहा ग्रॅम भरतं, म्हणजे दोन पानं आणि पाकीट २० ग्रॅमच्या आत, ५ रुपयांच्या तिकिटात बसतात.

थोरलीची प्रगती सांगायची राहिलीच. परवाच्या पत्राचा मायना तिनं ‘ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.’ (शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष) असा अख्खा लिहिला, एकही टिंब न गाळता! शिवाय विचारलंय की आपल्या दोघांचेही पिनकोड ४ नंच का सुरू होतात. तिला कळवणार आहे की महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश टपालाच्या एकाच विभागात येतात, आणि १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं आखली, जे संस्कृतात कविताही करायचे.

धाकटा नातू मात्र अजून तीन ओळींच्या पत्रावरच. त्याच्यासाठी पाचवा घाणा रंगीत करायचा बेत होता, पण आत्ता ओटा पुसताना वेगळंच सुचलं. काल सांडलेला पातळ काढा वाळून दिसेनासा झाला होता. त्यावर हिराकसाच्या पाण्याचे थेंब पडले आणि तेवढेच ठिपके काळे उमटले. म्हणजे नुसत्या काढ्यानं पत्र लिहायचं, ते कोरं दिसेल, आणि त्यानं हिराकसाच्या पाण्याचा बोळा फिरवला की अक्षरं वर येतील! हिराकस मी पाकिटातून पाठवणार नाही. मुलाला तिथेच घ्यायला सांगतो. हिराकस पोटात जाता कामा नये, तेव्हा बोळा बाबांसमोरच फिरवायचा.

अडचण एकच: काढा दाट झाला तर पिवळा डाग दिसतो. त्यामुळे रंगीत घाणा राहू दे. आज क्रीम रंगाच्या कागदावर तीन पट्ट्या करतोय, काढा एकास दोन, एकास चार आणि एकास आठ पाणी घालून. एकास चारवर जमलं तर धाकट्याचं कोरं पत्र उद्याच्या टपालात पडेल.